चौदा गाणी आणि एक जिना

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४५ अंश, दुकानातला कूलर वारं कमी आणि आवाज जास्त करून राहिलेला, आणि एक पोरगी मोबाईल पुढे धरून उभी. "काकू, सेम असा पाहिजे."

फोटोत माधुरी. जांभळं सॅटिन, ब्लाऊजवर भरगच्च काम. मी चष्मा वर सरकवला आणि म्हटलं, हा ब्लाऊज मी तुझ्या आईलाही शिवून दिला असेल बघ. ती म्हणाली, नाही, आईचं लग्न अमरावतीला झालं.

तर या पोरीच्या भावाचं लग्न आहे, संगीताला नव्वदच्या दशकाची थीम ठेवली आहे, आणि हिला 'दीदी तेरा देवर दीवाना'वर नाचायचं आहे. फोटो समोरून काढलेला. त्या ब्लाऊजची खरी गंमत पाठीला, आणि पाठ फोटोत नव्हती. म्हणून रात्री लेकीला म्हटलं, ते गाणं लावून दे टीव्हीवर. तिनं अख्खा सिनेमाच लावला. आईसुद्धा खाटेवरून उठून खुर्चीत येऊन बसली. 'हम आपके हैं कौन..!' पुरा करायला आम्हाला तीन रात्री लागल्या, कारण आईला साडेनऊला झोप येते आणि सिनेमा सव्वातीन तासांच्या वर आहे. एवढा पाहिलाच आहे तर लिहून टाकावं म्हटलं. मी नागपूरच्या महाल भागात ३३ वर्षं ब्लाऊज शिवते, परीक्षणं लिहीत नाही. पण या सिनेमानं माझ्या दुसऱ्या मशीनचं कर्ज फेडलं आहे, तेव्हा त्याच्याबद्दल चार शब्द बरे-वाईट बोलायचा मला हक्क आहे.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राजश्रीचा, सूरज बडजात्यांचा सिनेमा. ५ ऑगस्ट १९९४ला मुंबईत लिबर्टीला लागला. आपल्या नागपूरच्या सदर भागातली लिबर्टी टॉकीज नव्हे. गोष्ट राजश्रीच्याच १९८२च्या 'नदिया के पार'ची, गावातून उचलून बंगल्यात आणून ठेवलेली. एका घरात राजेश आणि प्रेम हे दोन भाऊ, काकांनी वाढवलेले. दुसऱ्या घरात प्रोफेसरांच्या दोन मुली, पूजा आणि निशा. थोरल्याचं थोरलीशी लग्न होतं, धाकट्याचा धाकटीवर जीव जडतो, आणि सगळं छान चाललेलं असताना पूजा जिन्यावरून पडून जाते. मागे तान्हं बाळ. मोठी माणसं ठरवतात की बाळासाठी निशानं राजेशशी लग्न करावं. पुढचं सगळं टफी नावाच्या पांढऱ्या कुत्र्यावर सोपवलं आहे. आणि मध्ये गाणी, १४.

तेव्हाही लोक म्हणायचे की हा सिनेमा नाही, लग्नाची कॅसेट आहे. आहेच. पण आमच्या घरच्या लग्नाच्या कॅसेटीत अर्धा तास नुसती माणसं जेवताना दिसतात आणि कॅमेरावाला सारखा मठ्ठ्याच्या पातेल्यावर जातो. इतकी चांगली कॅसेट कोणाच्या लग्नाची निघाली आहे सांगा.

आमच्याकडे लागला तेव्हा मी तेवीस वर्षांची. बर्डीवरच्या एका टॉकीजला आम्ही सहा जणी, दोन लुना आणि एका सायकलवर. आईला रिक्षानं बोलावलं होतं. व्हिडिओ कॅसेट निर्मात्यांनी बाजारात येऊच दिली नव्हती, त्यामुळे ज्यांनी घरी व्हीसीआर आणल्यापासून टॉकीजचं तोंड पाहिलं नव्हतं तेही आले होते. रांगेत आज्या, तान्ही पोरं, नुकतं लग्न झालेल्या मुली, त्यांच्या सासवा. कोणाच्या पिशवीत चिवडा, कोणाच्या डब्यात पुडाची वडी. दारावरचा माणूस डबे आत नेऊ देत नव्हता, तर एका आजीनं त्यालाच एक वडी दिली आणि डबा आत गेला. माझ्या पुढच्या खुर्चीची गादी फाटलेली होती आणि संडासात पाणी नव्हतं, हेही सांगून ठेवते, नाहीतर जुने दिवस म्हटलं की सगळं गुलाबी वाटायला लागतं.

आता गाण्यांकडे येते, कारण हा सिनेमा म्हणजे गाणीच.

संगीतकार राम-लक्ष्मण. नाव दोघांचं, माणूस एक. लक्ष्मण म्हणजे विजय पाटील, आपल्या नागपूरचे, जन्म १९४२चा. जोडीतले राम, म्हणजे सुरेंद्र हेंद्रे, फार लवकर गेले. दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'पासून लागलेलं ते जोडनाव पाटलांनी पुढे एकट्यानं चालवलं, जोडीदाराचं नाव काही काढून टाकलं नाही. २२ मे २०२१ला ते गेले तेही नागपुरातच. करोनाचे दिवस, दुकान अर्ध्या शटरवर, पेपरातली बातमी मी मशीनवर बसून वाचली. ज्या माणसाच्या चालींवर मी एक अख्खी लग्नसराई मशीन चालवलं तो आपल्याच गावचा, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी त्यांना मुंबईचे दोन भाऊ समजत होते.

त्यांच्या चालींची खुबी सांगू? त्या बायांना म्हणता येतात. ओळ लहान, श्वास घ्यायला जागा, आणि एकदा ऐकली की दुसऱ्यांदा कोरसमध्ये शिरता येतं. 'जूते दो, पैसे लो' हे गाणं काय आहे? भांडण आहे, टाळीवरचं. शास्त्रीय जाणणारे नाकं मुरडतात, मुरडू देत. माझ्या दुकानात त्या हिवाळ्यात काजं-बटणं करायला येणाऱ्या दोन पोरी होत्या, त्यातली एक साफ बेसूर. तीही 'धिकताना' म्हणायची आणि ते कानाला लागायचं नाही. चाल बेसूर गळ्यालाही सांभाळून घेते.

आणि लताबाई. साठी ओलांडून चार वर्षं झाली होती तेव्हा, आणि पडद्यावर सत्तावीस वर्षांची माधुरी. 'माये नी माये'मध्ये तो आवाज तिच्या तोंडी बसतो, मी हजारदा ऐकलं तरी कुठे शिवण दिसत नाही. 'मुझसे जुदा होकर'मध्ये मात्र मला वय ऐकू येतं, आणि का कोण जाणे तिथंच तो आवाज जास्त आवडतो. एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या हिंदीत तेलुगूची हलकी छटा, ती सलमानला शोभते; त्याच्या तोंडात लखनवी उर्दू दिली असती तर त्यालाच हसू आलं असतं.

नाच बसवले जय बोराडे यांनी. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला या सिनेमासाठी, आणि तो देणाऱ्यांना नाचातलं कळत होतं असं मी म्हणेन. कारण त्यांनी माधुरीला सोडलं तर बाकी सगळ्यांना असं नाचवलं आहे की जणू त्या खरंच घरच्या बाया आहेत. कोणाचा हात अर्धाच वर जातो, कोणी पदर सांभाळत फेर धरते, कोणी नुसतीच बसून टाळ्या वाजवते. आमच्या डोहाळजेवणात असंच असतं. एक नाचणारी, चार लाजणाऱ्या, आणि एक आत्याबाई जी आधी नाही नाही म्हणते आणि मग थांबतच नाही.

'दीदी तेरा देवर' हे गाणं डोहाळजेवणाचंच आहे हे लोक विसरतात. फक्त बायांचा कार्यक्रम, पुरुषांना बंदी, म्हणून तर प्रेम झुंबराला लोंबकळत, गलोल घेऊन आत घुसतो. बाकी आमचं डोहाळजेवण म्हणजे हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, आणि वाटीखाली पेढा की बर्फी ते ओळखायचं. त्यात जांभळं कुठून आलं? आलं ते या सिनेमातून. त्याच्या पुढच्या वर्षी माझ्याकडे एक सासूबाई स्वतः आल्या होत्या, सुनेच्या डोहाळजेवणाला तिच्या बहिणीसाठी जांभळा ब्लाऊज टाकायला. सुनेचा हिरवा साधा होता.

लग्नातसुद्धा तेच. आपल्यात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि काहीतरी पदरात पाडून घेतो. जोडे पळवणं हे आमच्या मोहल्ल्यात हिंदीवाल्यांच्या लग्नात पाहिलेलं. १९९५च्या लग्नसराईत मराठी मंडपातही जोडे पळायला लागले. एका लग्नात पोरींनी चुकून भटजींचेच जोडे पळवले आणि भटजी अनवाणी सक्करदऱ्यापर्यंत गेले. कान पिळणं अजून आहे, पण आता त्याचा फोटो निघतो तेवढंच.

ब्लाऊजबद्दल थोडं जास्त लिहिते. कोणाला नको असेल तर पुढच्या परिच्छेदावर जा.

गांधीबागेत त्या दिवसांत 'दीदीवालं जांभळं' म्हटलं की दुकानदार काही न विचारता थान खाली काढायचा. माझ्या वहीत त्या एका हंगामात ४१ जांभळे ब्लाऊज आहेत. सॅटिन हे फार हरामी कापड. सुईखाली सरकतं, कडा सुटतात, इस्त्री जरा गरम लागली की चट्टा. सगळ्यांत वाईट म्हणजे टीप उसवली तर छिद्रं राहून जातात. चुकीला माफी नाही. सुती ब्लाऊज उसवून दहा वेळा बदलता येतो, सॅटिनचा एकदाच. म्हणून मी सॅटिन शिवताना बारीक सुई लावते, खाली कागद ठेवते आणि आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, नेहमीपेक्षा जास्त सोडते. पडद्यावरचं ते साडी आहे की घागरा, यावर आमच्या दुकानात भांडणं झाली आहेत. मी या वेळी गाणं थांबवून थांबवून पाहिलं. नेसणं साडीचं आहे, घेर घागऱ्याचा आहे. ज्यांनी तो बेत केला त्या अॅना सिंग यांना माझा नमस्कार, पण त्यांनी मागचा गळा जेवढा खोल दिला आहे तेवढा महालात कोणी मागितला नाही. तोंडानं "सेम पाहिजे" म्हणायच्या आणि माप देताना बोटानं दाखवायच्या तीन इंच वर. ४१ पैकी फक्त एकीनं पुरता खोल शिवून नेला. ती बँकेत होती.

आता माणसं. माधुरी या सिनेमात काय करते हे नाच पाहून कळत नाही, नाचामधल्या जागा पाहून कळतं. रोलर स्केटवरून घरभर फिरणारी, तोंडात सतत काहीतरी चावणारी पोरगी ती पहिल्या तासात आहे. दुसऱ्या भागात तीच पोरगी गप्प होते तेव्हा रडारड न करता नुसती चालण्याची लय बदलते. सलमान देखणा आहे, खोडकर आहे, आणि गंभीर प्रसंगात जमिनीकडे पाहतो. यापेक्षा जास्त त्याच्याकडून कोणी मागितलंही नाही.

रेणुका शहाणेंची पूजा मला माधुरीइतकीच आवडते. त्यांचं हसणं आधी 'सुरभि'मुळे घरोघरी गेलेलं, त्यामुळे ही सून पडद्यावर आली तेव्हाच ओळखीची होती. रीमा या माधुरीच्या आई झाल्यात आणि प्रत्यक्षात दोघींत नऊच वर्षांचं अंतर. व्याह्यांसोबत त्यांचं ते चिडवाचिडवीचं गाणं आहे ना, त्यात त्या छत्तीस वर्षांच्या आहेत! आमच्याकडे छत्तीसची बाई अजून ब्लाऊजला लटकन लावू की नको विचारत असते. लक्ष्मीकांत बेर्डे घरचा नोकर लल्लू झाले आहेत. ज्या माणसाच्या नुसत्या एण्ट्रीला आमची टॉकीज हसायची, त्याला इथं रडताना पाहून आधी लोक हसलेच, मग ओशाळले. आणि मोहनीश बहल. 'मैंने प्यार किया'त याच माणसाला आम्ही शिव्या दिल्या होत्या, इथं तो देवासारखा थोरला भाऊ.

खलनायक नाही या सिनेमात. बिंदू यांची मामी आहे, टोमणे मारणारी, तेवढंच. आणि इथंच माझी पहिली तक्रार. त्या मामीला मामा सगळ्यांसमोर थोबाडीत मारतो आणि ती सुधारते. टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या असतील, आठवत नाही. नाही वाजवल्या असं शपथेवर सांगता येणार नाही. या वेळी माझी लेक म्हणाली, "काऊन मारलं? ती तर फक्त बोलली." तीन तास प्रेम, माया, संस्कार यांची गाणी म्हणणाऱ्या घरात बोलणाऱ्या बाईचा उपाय हा. बिंदूबाईंनी ते काम इतकं चोख केलं आहे की राग येतो तो त्यांच्या नवऱ्याचा.

दुसरी तक्रार धंद्याची आहे. त्या घरात इतके समारंभ होतात, साखरपुडा, लग्न, डोहाळे, बारसं, आणि एकही कपडा दुसऱ्यांदा कोणी घालत नाही. मग शिंपी कुठे आहे? नोकर आहे, डॉक्टर आहे, डॉक्टरची बायको आहे, कुत्रं आहे, मेहंदी आहे. माप घ्यायला कोणी येत नाही, ट्रायलला कोणी जात नाही, आदल्या रात्री अकराला कोणी दार वाजवून "ताई, बाही दाटते" म्हणत नाही. त्या घरातले पैसेही असेच, कारखाना आहे म्हणतात पण कोणी थकून घरी येत नाही. नागपूरच्या कुठल्या लग्नघरात बाप तीन दिवस नुसता हसत फिरला आहे? आमच्याकडे बाप मंडपवाल्याशी भांडत असतो.

आणि पहिल्या दीड तासात घडत काहीच नाही. गाणं, थट्टा, गाणं, जेवण, गाणं. मला चालतं. माझी लेक दुसऱ्या गाण्यापासून मोबाईल पाहत होती, तिला मी दोष देत नाही. ज्या अॅपवर आम्ही पाहिला त्यानं ऐन बिदाईच्या 'बाबुल'मध्ये फरशीच्या टाइल्सची जाहिरात घातली, त्याचा दोष सिनेमाला नको.

पण खरं लिहायचं ते जिन्याबद्दल.

पूजा जिन्यावरून पडते. तिथून सिनेमा दुसराच होतो, आणि आमच्या घरात तो वेगळाच पाहिला जातो. कारण माझी आई ही माझ्या वडिलांची दुसरी बायको. पहिली तिचीच थोरली बहीण. भिंतीवरच्या फोटोतल्या तिला आम्ही मोठी आई म्हणतो. ती तापानं गेली तेव्हा माझा दादा दीड वर्षाचा होता, आई वीस-एकवीसची, काटोलला माहेरी. सहा महिन्यांनी तिचं लग्न माझ्या वडिलांशी लावून दिलं. तेव्हा असं व्हायचं, नवल नव्हतं त्यात कोणाला.

१९९४ला टॉकीजमध्ये जिन्याचा प्रसंग आला तशी आई उठली. "पानी पिऊन येतो," म्हणाली. खूप वेळ आली नाही. मी बाहेर गेले तर पायऱ्यांवर दाणेवाल्या बाईशी बोलत बसली होती, भाव काय, घर कुठे. आत चल म्हटलं तर म्हणाली, तू पाह्य, मले मालूम आहे पुढं काय होते. तेव्हापासून मी दुकानात बायांना सांगत आले की निशाला निदान कुत्रं तरी होतं, माझ्या आईला कोणी विचारलंही नाही. ऐकून बाया हळहळायच्या. मला ते सांगायला आवडायचं, हे आता कबूल करते.

सिनेमाबद्दलची माझी मोठी तक्रारही हीच होती आणि आहे. निशाला वाटतं आपलं लग्न प्रेमशी ठरतंय, म्हणून ती हो म्हणते. नवरदेव राजेश आहे हे तिला नंतर कळतं. म्हणजे इतक्या प्रेमळ माणसांनी भरलेल्या घरात कोणी मुलीसमोर बसून, नवऱ्याचं नाव घेऊन, एक सरळ प्रश्न विचारलेला नाही. आणि कळल्यावर ती बोलत नाही, प्रेमही बोलत नाही. दोघंही मोठ्यांच्या सुखासाठी गप्प. ते त्यागाचं म्हणून दाखवलं आहे, संगीत तसं वाजतं. मला वाटतं त्या घरात नाही म्हणायची सोयच नव्हती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. सगळेच इतके चांगले, प्रत्येक जण तोंडात पेढा घालून राहिलेला, मग नाही म्हणायचं कोणाला? म्हणून लेखकाला शेवटी चिठ्ठी कुत्र्याच्या तोंडी द्यावी लागली आणि वरून कृष्णाला मध्ये घालावं लागलं. टफी ती चिठ्ठी प्रेमकडे न नेता राजेशकडे नेतो आणि सगळं उलगडतं. टॉकीज त्या कुत्र्यासाठी उभी राहून ओरडली होती. दिग्दर्शकाचं हे कसब आहे हो, नाकारत नाही. पण गोष्टीतली सगळ्यांत शहाणी गोष्ट मुक्या जनावरानं करावी याचा अर्थ माणसांबद्दल काही बरा निघत नाही.

तिसऱ्या रात्री, जिना येणार म्हणून मी रिमोट हातात घेऊन बसले होते. पुढे ढकलू का विचारलं. आई म्हणाली, राहू दे. पाहिलं तिनं पूर्ण. पूजा पडली तेव्हा म्हणाली, "लेकुरवाळी बाई. तिले एवढ्या उंच जिन्यावर राहू देते का कोनी? खालची खोली द्या न." प्रोफेसरांच्या घरावर तिचा राग शेवटपर्यंत राहिला.

मग निशाचं लग्न ठरतं तो भाग आला आणि मी माझं नेहमीचं म्हणाले. बघ, हिलाही विचारलं नाही, तुझ्यासारखं.

"मले इचारलं नाही असं कोन म्हनलं तुले?"

मी आवाज बंद केला.

"तुह्या बाबानंच इचारलं. संत्र्याच्या वाडीत, हिरीपाशी. म्हने, मनात नसंल तं सांग, मी घरी सांगतो माह्यं नाही म्हनून. मी म्हनलं, दादूले रात्री कोन घेते थे सांगा आंधी. तं बोलले नाही काही. रडून राहिले होते."

मी एवढी वर्षं जी गोष्ट सांगून बायांचे डोळे ओले केले ती चुकीची होती. लेक माझ्याकडे पाहून राहिली, मी टीव्हीकडे. मग न राहवून विचारलं, पण तुला नाही म्हणता आलं असतं का?

"थे मले काय मालूम. म्हनून पाह्यलंच नाही."

एवढ्या मोठ्या बंगल्यात, बागेत, गच्चीवर गाणी होतात, पण निशाला विचारायला त्या लेखकाला एक विहीर सुचली नाही. आईच्या उत्तरानं माझी तक्रार मिटली नाही, नुसती जागेवरून सरकली. त्यानंतरचा सिनेमा मी नीट पाहिला नाही, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल माझं मत धरू नका.

सिनेमात पूजा आपला हार निशाला देते. आईला मोठ्या आईचे अकरा ब्लाऊज मिळाले. मोठी आई अंगानं भरलेली, आई काटकी. नव्या कापडाला पैसे कोण देणार, तेव्हा आईनं शेजारच्या मशीनवर बसून एकेक ब्लाऊज बाजूनं आत घेतला. शिवण तिला तेव्हाच आली, आणि तिच्याकडून मला. हे मला आधीही माहीत होतं. त्या रात्री तिनं एक नवीन सांगितलं. आत घेतलं पण कापड कापलं नाही, दोन्ही बाजूंनी सगळी माया तशीच दुमडून ठेवली. काऊन, तर म्हणे बहिणीचं कापड, कात्री चालवली नाही. पुढे माझ्या वेळेला पोट आलं तेव्हा त्याच शिवणी सोडून ते ब्लाऊज तिला पुन्हा झाले. सुती होते म्हणून जमलं.

सिनेमा पाहा असं मी सांगेन. दोन-तीन हप्त्यांत पाहा, घरात एखादी म्हातारी बाई असेल तर तिच्यासोबत पाहा, गाणी पुढे ढकलू नका, आणि मामीला मारतात तिथं टाळ्या वाजवू नका. पाचात किती तारे ते मला देता येत नाहीत. पहिल्या भागाला मी हातातलं काम बाजूला ठेवून पाहीन, दुसऱ्या भागाला हूक लावत लावत.

त्या पोरीचा ब्लाऊज परवा कापायला घेतला. पाठीचा गळा टीव्हीवरून मोजून काढला, तीन इंच वर घेऊन. आई खाटेवरून पाहत होती. म्हणाली, माया किती ठेवली?

म्हटलं, अर्धा इंच, एका रात्रीपुरताच घालायचा आहे तिला, थीमचा.

"दीड ठेव."

दीड ठेवली.